गावच्या शहीद जवानाचं आयुष्य नीट लिहून काढायचं असंल तर काय काय करावं

पहिलं काम, त्यांच्या घरी जाऊन काळी ट्रंक ऱ्हायलीय का ते विचारा. फौजीच्या घरात ती असतेच, लोखंडी, वर पांढऱ्या पेंटनं नंबर, रँक, नाव अन् पलटण लिहिलेली. आता तिच्यात बहुतेक ज्वारी नाहीतर गोधड्या भरलेल्या असतात, पण झाकणावरचा तो नंबर पुसट का होईना दिसतोय का बघा, त्याचा फोटो घ्या, उन्हात तिरपी धरली की पुसलेली अक्षरं पण वाचता येतात. हा नंबर म्हणजे त्या पोराचा सर्व्हिस नंबर, अन् पुढचं सगळं काम या नंबरावर चालतं. नावावर चालत नाही, कारण एकाच पलटणीत शिंदे, जाधव, पवार अन् कांबळे पन्नास-पन्नास असतात.

ट्रंक नसंल तर मेडल बघा. गोल मेडलच्या कडेवर अन् ताऱ्यासारखं असंल तर मागच्या बाजूला नंबर, रँक अन् नाव बारीक कोरलेलं असतं. अन् एक हात जोडून विनंती, मेडल चिंच लावून, राखेनं घासून चकाचक करू नका, कोरलेलं झिजतं. कोरड्या फडक्यानं पुसा, भिंग लावा नाहीतर मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करा, बास. मेडल कोणतंय यावरून पण लई कळतं. समर सेवा स्टार अन् रक्षा मेडल म्हणजे १९६५, पूर्वी स्टार म्हणजे १९७१ ला बांगलादेशच्या बाजूला होता, पश्चिमी स्टार म्हणजे पाकिस्तानच्या पश्चिम सीमेवर, संग्राम मेडल पण १९७१ चंच, अन् ओपी विजय स्टार म्हणजे कारगिल. घरचे म्हणतात "लडाखला होता" अन् डब्यात निघतो पूर्वी स्टार, तर मेडलवर विश्वास ठेवा. घरचे खोटं बोलत नाहीत, पण पन्नास वर्षांत सगळ्या बॉर्डर एकमेकांत मिसळून जातात. अन् आधी लडाखला पण असंल की, पलटण दर दोन-तीन वर्षाला जागा बदलती, म्हणून दोन्ही वहीत लिहून ठेवा.

तिसरी वस्तू म्हणजे पेन्शनचा कागद, पीपीओ. वीरपत्नीला नाहीतर आईला पेन्शन चालू असंल तर तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला असतो. त्यात नंबर, रँक, युनिट, मृत्यूची तारीख अन् कोणत्या प्रकारची पेन्शन ते असतंय. ती तारीख उतरून घ्या पण कागदाचा फोटो ग्रुपवर टाकू नका, त्याच्यावर बँकेचं खातं वगैरे असतं अन् पेन्शनवाल्या म्हाताऱ्या बायांना फसवणारे फोन आजकाल किती येतात ते सांगायला नको.

आता हे सगळं कशाला करायचं. आपल्याकडं स्मारकं झालीत, चौकाला नाव दिलंय, कमान बांधलीय, १५ ऑगस्टला हार घालतेत अन् भाषणात त्याच चार ओळी वाचतेत, अमुक साली जन्म, अमुक साली भरती, अमुक तारखेला शत्रूशी लढताना वीरमरण. म्हणजे एकवीस-बावीस वर्षाच्या पोराचं आयुष्य म्हणून शेवटचा एक दिवस शिल्लक ऱ्हायलाय. आधीची एकवीस वर्षं कुणी लिहीतच नाही. माझं मत विचाराल तर लिहायचंय ते तेच, कुणाच्या शेतात सालानं ऱ्हायला होता, कोणत्या बैलाला भ्यायचा, भरतीला जायला पैसे कुणी दिले, पहिल्या सुट्टीला आला तवा बहिणीला काय आणलं. लढाईची माहिती कार्यालयातून आज ना उद्या मिळंल. ही दुसरी माहिती ज्यांच्यापाशी आहे ते लोक ऐंशीच्या पुढं गेलेत.

म्हणून कागदाआधी माणसं गाठा

आई हयात असंल तर तिच्यापासून सुरू करा, पण पहिल्या भेटीत वही काढू नका. बसा, चहा प्या, शेतापाण्याचं बोला. पोरगा कसा मेला हे विचारायचंच नाही, ती सांगायची तवा सांगंल. विचारायचं की लहानपणी कसा होता हो आज्जी, जेवायला काय लागायचं, कुणाची मार खायचा. बाया या प्रश्नाला हसतात, अन् मंग बोलणं सुरू होतं. रेकॉर्डिंग करायचं असंल तर विचारून करा, अन् फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधीच रिंग वाजती.

आईपेक्षा जास्त माहिती कुणाला असती सांगू का, बहिणीला अन् संगं भरतीला गेलेल्या दोस्ताला. बहीण दुसऱ्या गावाला दिलेली असती, तिच्याकडं कुणी जातच नाही, स्मारकाच्या कार्यक्रमाला तिला बोलावणं पण नसतं कित्येकदा. पोरांनी घरी बापाला लिहिलेली पत्रं कोरडी असतात, "येथील सर्व ठीक, तिकडील खुशाली कळवणे, पाऊस कसा आहे", पण बहिणीला लिहिलेल्यात थंडीचं, जेवणाचं, साहेबाचं, सुट्टी मिळंना त्याचं सगळं असतं. अन् संगं भरतीला गेला पण छातीत नाहीतर उंचीत बाद होऊन परत आला असा एक दोस्त प्रत्येक गावात असतो, त्याला ते दिवस तासातासानं पाठ असतात.

वीरपत्नीशी बोलताना जरा जपून. कितीतरी जणी लग्नानंतर वर्षा-दोन वर्षात विधवा झाल्या, नवऱ्यासंगं एकूण राहणं दोन-तीन सुट्ट्यांचं. काहीजणींचं मंग दिराशी लग्न लावून दिलं. जुन्या काळी सख्ख्या दिराशी लग्न केलं तर पेन्शन चालू ऱ्हायची असा नियमच होता, त्यामुळं ही गोष्ट दिसती तितकी साधी नसायची. ते लिहायचं का नाही हे त्या बाईनं ठरवायचं. सासरच्या मंडळींनी नाही अन् सरपंचानं तर बिलकुल नाही.

तारखा विचाराल तर कुणालाच आठवणार नाहीत, त्यासाठी आपल्या भागातल्या खुणा वापरा. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला "१९७१ ला काय झालं" विचारलं तर तो बघत बसंल, पण "मोठ्या दुष्काळाच्या आधी का नंतर" विचारलं की लगेच सांगतो, कारण १९७२ चा दुष्काळ, ती सुकडी, ते खडी फोडायचं काम कुणी विसरत नाही. तसंच रझाकाराच्या वक्ताला जन्मला का पोलीस अ‍ॅक्शननंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या अलीकडं का पलीकडं. लातूर-धाराशिव बाजूला किल्लारीचा भूकंप ही अजून एक खूण, ३० सप्टेंबर १९९३. त्या भूकंपात ज्यांची घरं पडली त्यांच्याकडं ट्रंक, फोटो, पत्रं काही मिळायचं नाही, सगळं मातीखाली गेलं, तिथं पुनर्वसित गावात उगीच "काहीच कसं जपलं नाही" असं म्हणू नका. तिथं नातेवाइकांकडं बघा, लग्नातला एखादा ग्रुप फोटो मामाच्या घरी निघतो.

वर्षश्राद्ध घरचे तिथीनं घालतात. ती तिथी विचारून घ्या अन् त्या सालच्या जुन्या पंचांगातून तारीख काढून पीपीओच्या तारखेशी ताडून बघा. कधी कधी दोन्हीत आठ-दहा दिवसाचा फरक निघतो, कारण घरच्यांनी धरलेला दिवस तार आल्याचा असतो. १९६५ अन् १९७१ ला पार्थिव गावाला आणायची पद्धत नव्हती, बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिकडंच सीमेवर झाले, घरी आली ती तार, नंतर सामानाची ट्रंक. कारगिलपासून, म्हणजे १९९९ पासून, तिरंग्यात पार्थिव घरी यायला लागलं. म्हणून जुन्या घरात एखादी आई अजून म्हणत असती की मी तोंड बघितलं नाही, कोण जाणे खरंच गेला का कुठं जेलात आहे. तिच्याशी वाद घालू नका, तेही लिहून घ्या.

जिल्ह्याचा घोळ

ही गोष्ट मराठवाड्याच्या बाहेरचे कुणी सांगणार नाहीत. जालना जिल्हा झाला १९८१ ला, लातूर १९८२ ला, हिंगोली १९९९ ला. त्याआधी लातूर म्हणजे उस्मानाबाद जिल्हा, हिंगोली म्हणजे परभणी, जालना म्हणजे औरंगाबाद, अन् त्यातही परतूर परभणीत होतं. मंग औसा तालुक्यातला जवान १९७१ ला गेला असंल अन् तुम्ही अर्जात जिल्हा लातूर लिहून पाठवला तर समोरचा क्लार्क रजिस्टर बघतो अन् "नोंद आढळून येत नाही" म्हणून कळवतो. अर्जात "तेव्हाचा जिल्हा उस्मानाबाद, आताचा लातूर" असं दोन्ही लिहा. अंबाजोगाईचं नाव निजामाच्या काळात मोमिनाबाद होतं. इंग्रजी कागदात बीडचं बीर, भीर, नांदेडचं नांदेर, असं काय पण असतं, अन् त्या काळच्या कागदात नुसतं हैदराबाद लिहिलेलं असलं तर ते शहर का संस्थान का सिंधमधलं हैदराबाद हे पण बघावं लागतं.

आडनावाचं पण तसंच. जाधव, जाधवराव, जाधो, अन् भरतीच्या वेळी ज्यानं लिहून घेतलं त्याला मराठी येत नसंल तर बापाचं नावच आडनाव झालेलं असतं. गावातलं हाक मारायचं नाव, शाळेतलं नाव अन् पलटणीतलं नाव तीन वेगळी असणं लई कॉमन आहे, तिन्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका.

शाळेत गेलात तर जनरल रजिस्टरमधून निर्गम उतारा मागा. जन्मतारीख बहुतेक १ जून निघंल, तिच्यावर फार भरवसा नको, मास्तरांनी अर्ध्या मराठवाड्याला १ जूनला जन्माला घातलंय. पण त्यात शाळा कधी सोडली, कितवीतून सोडली अन् कारण काय ते असतंय अन् ते कामाचं आहे. निजामाच्या काळातला जन्म असंल तर कागद उर्दूत किंवा मोडीत अन् साल फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं सरकारी साल, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं, १३३० फसली म्हणजे १९२०-२१. कुणबी नोंदी शोधायच्या नादात आता प्रत्येक तालुक्यात मोडी अन् उर्दू वाचणारे चार लोक सगळ्यांना माहीत झालेत, त्यांनाच गाठा.

पलटण अन् रेकॉर्ड ऑफिस

आपल्याकडची पोरं पायदळात म्हणलं की जास्त करून दोन ठिकाणी, मराठा लाइट इन्फंट्री, तिचं सेंटर, म्हणजे ट्रेनिंगचं ठिकाण, बेळगावला, अन् महार रेजिमेंट, ती १९४१ ला बेळगावलाच उभी झाली पण तिचं सेंटर आता मध्य प्रदेशात सागरला. काही गार्ड्समध्ये, त्यांचं कामठीला. रेजिमेंट कळली म्हणजे सगळं कळलं असं नाही, रेजिमेंटमध्ये वीसेक पलटणी असतात अन् लढाईत प्रत्येक पलटण वेगळ्या ठिकाणी असती. म्हणून "मराठात होता" एवढ्यावर थांबू नका. १ मराठा का ५ मराठा का १५ मराठा, अन् त्यातली कोणती कंपनी, हे पाहिजे. म्हातारे फौजी नंबर सांगत नाहीत, ते नावानं सांगतात. जंगी पलटण म्हणले तर १ मराठा, काळी पाचवी म्हणले तर २ मराठा, पाच नाही, इथं लई जण फसतात. अन् महार रेजिमेंट १९४६ पासून १९६३ पर्यंत मशीनगनची रेजिमेंट होती, तिच्या कंपन्या वेगवेगळ्या ब्रिगेडला जोडून द्यायचे, म्हणून त्या काळातला जवान असंल तर तो कुणासोबत लढत होता हे वेगळं शोधावं लागतं.

अर्ज करायचा तो "ओआयसी रेकॉर्ड्स" या नावानं, म्हणजे रेकॉर्डच्या प्रमुख अधिकाऱ्याला, त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला. अर्ज तुमच्या नावानं नको, जवळच्या वारसाच्या सहीनं पाहिजे, आई, पत्नी, मुलगा, भाऊ. त्यात सर्व्हिस नंबर, रँक, नाव, बापाचं नाव, पलटण, तेव्हाचं गाव-तालुका-जिल्हा, भरतीचं अंदाजे साल, मृत्यूची तारीख अन् नात्याचा पुरावा. मागायचं काय ते स्पष्ट लिहा, नुसतं "सर्व माहिती मिळावी" असं नको. भरतीची तारीख अन् ठिकाण, लाँग रोलमधली, म्हणजे रेजिमेंटच्या जवानांच्या रजिस्टरमधली, नोंद, कोणत्या युनिटमध्ये कधी बदली झाली, मिळालेली मेडल्स, अन् मृत्यू कोणत्या ठिकाणी अन् कोणत्या प्रकारात नोंदला. या शेवटच्याला महत्त्व आहे, लष्करात बॅटल कॅज्युअल्टी अन् फिजिकल कॅज्युअल्टी असे दोन प्रकार असतात, गोळीनं गेला तर पहिला, आजारानं नाहीतर गाडीच्या अपघातानं गेला तर बहुतेक दुसरा. कागदात दुसरा निघाला तर लिहिताना उगीच त्याला खंदकात मारू नका. बर्फात ड्युटी करताना न्यूमोनियानं गेलेला जवान काय कमी आहे का.

अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा अन् एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या, ते पुढं पाठवतात अन् त्यांच्या पत्राला उत्तर लवकर येतं. त्याच कार्यालयात जिल्ह्यातल्या शहिदांची यादी अन् कुटुंबाची फाईल असती. घरच्यांनी कधी सरकारी जमिनीसाठी अर्ज केला असंल तर तहसीलमध्ये त्याची फाईल निघू शकती, अन् तिच्यात रेकॉर्ड ऑफिसचं जुनं सर्टिफिकेट लावलेलं असतं, हे लोकांच्या ध्यानात येत नाही. आरटीआय पण करता येतो, सेना माहिती अधिकारातून वगळलेली नाही, फी १० रुपये, पण माझा सल्ला असा की आधी वारसाचा साधा अर्ज करा. आरटीआय म्हणलं की समोरचा वैयक्तिक माहितीचं कलम लावून मोकळा होतो, आईच्या अर्जाला तसं करत नाही.

१९४७ नंतर गेलेल्या जवानाचं नाव दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर असायला पाहिजे. ते २५ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झालं, त्याच्या त्याग चक्राच्या भिंतींवर तेव्हा २५,९४२ नावं कोरली होती. त्यांच्या वेबसाईटवर शोधता येतं, दिल्लीला जायची गरज नाही. स्पेलिंग बदलून बदलून बघा. शौर्य पदक मिळालं असंल तर त्याचं सायटेशन, म्हणजे पदक कशासाठी दिलं तो मजकूर, सरकारच्या शौर्य पुरस्कारांच्या वेबसाईटवर असतं, पण खरं सांगायचं तर बहुतेक शिपायांना पदक नव्हतं अन् पदक नाही म्हणून गोष्ट लहान होत नाही.

लढाईत तो नेमका कुठं होता

इथं लोक यूट्यूबवरची सगळी लढाई उचलून लिहितात अन् शेवटी "या लढाईत आपल्या गावचे सुपुत्र पण होते" असं जोडतात. उलटं करा. तारीख अन् पलटण या दोन गोष्टी घट्ट धरा, त्या दिवशी ती पलटण कुठं होती एवढंच शोधा. समजा, औशाकडचा एक शिपाई, १ मराठा, मृत्यू ११ डिसेंबर १९७१. तर त्या पलटणीचं ठिकाण ठरलेलं आहे, जमालपूर, ब्रह्मपुत्रेच्या काठचं गाव, तेव्हाचं पूर्व पाकिस्तान. पलटण नदी ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला ढाक्याकडं जाणाऱ्या वाटेवर बसली होती, कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार. आत पाकिस्तानची ३१ बलुच पलटण अडकलेली. शरण या म्हणून आपल्या बाजूचे ब्रिगेडियर क्लेर यांनी चिठ्ठी पाठवली तर तिकडून उत्तराच्या कागदात गोळी गुंडाळून आली. अन् १० च्या रात्री बलुच वेढा फोडून बाहेर पडायला मराठ्यांच्या मोर्च्यावर चालून आले, पहाटेपर्यंत चाललं, त्यांचे लई मेले, सकाळी जमालपूर पडलं. आता तुमचा शिपाई त्या रात्री होता, हे लिहू शकता. पण तो कोणत्या मोर्च्यात होता, त्यानं किती मारले, शेवटचे शब्द काय होते, हे त्याच कंपनीचा माणूस सांगत नाही तोवर लिहू नका.

अन् तो माणूस मिळतो. प्रत्येक पलटणीचे माजी सैनिकांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, रेझिंग डे ला ते जमतात, कँटीनमध्ये नाहीतर माजी सैनिकांच्या ईसीएचएस दवाखान्यात औषधाच्या लाइनीत उभं ऱ्हाऊन विचारलं तरी "सुभेदार साहेब, तुमच्या टायमाला १ मराठाचं कोण हाय इकडं" याला उत्तर मिळतं. पलटण अन् साल सांगा, ते एकमेकांना फोन लावतात, सातारा, कोल्हापूर, बेळगावपर्यंत. फौजी माणूस पहिल्यांदा कमीच बोलतो. त्याला लढाईचं विचारण्यापेक्षा सेंटरचं विचारा, उस्ताद कोण होता, कसम परेडला, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावर शपथ घेतात तिला, घरचं कोण आलं होतं, लंगरमध्ये काय मिळायचं. मंग आपोआप गाडी पुढं जाती.

छोट्या छोट्या गोष्टी बरोबर ठेवा. १९७१ च्या शिपायाच्या हातात एके-४७ देऊ नका, त्याच्याकडं एसएलआर रायफल होती. १९६५ ला काहींकडं थ्री नॉट थ्री, काहींकडं एसएलआर. कारगिलला इन्सास रायफल. शिपाई, लान्स नायक, नायक, हवालदार हा क्रम नीट लिहा, शिपायाला हवालदार केलं म्हणून मान वाढत नाही. पत्राच्या पाकिटावर "५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" असंल (एपीओ म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस) तर त्यावरून गावाचं नाव निघत नाही, मुद्दाम तसंच ठेवलेलं असतं, पण ९९ म्हणजे कलकत्त्याकडून जाणारी टपाल, ईशान्येकडं असणार, एवढा अंदाज येतो. पोस्टाच्या शिक्क्यावरच्या तारखा क्रमानं लावल्या की सुट्टीचे महिने पण दिसतात, त्या काळात पत्र बंद असतं.

गेल्या काही वर्षांतला जवान असंल तर मात्र युनिट सध्या कुठंय, पोस्टचं नाव काय, कोण अधिकारी, हे काही लिहू नका, दोस्तानं सांगितलं तरी नको.

पणजोबा "बसऱ्याला" गेले होते ते

काही घरात गोष्ट अजून जुनी असती. पहिल्या महायुद्धातला कुणी पण असला तरी गावात "बसऱ्याला गेला अन् आला नाही" असंच सांगतात, अन् गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा बरोबर निघतं, कारण मराठा पलटणी जास्त करून मेसोपोटेमियातच होत्या, आताच्या इराकमध्ये. यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाईट, लोक सीडब्ल्यूजीसी म्हणतात, फुकट आहे. नावानं नाही सापडलं तर रेजिमेंट टाकून शोधा अन् जास्तीच्या माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा बापाचं नाव येतंय का बघा. त्या काळी रेजिमेंटची नावं वेगळी होती, १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ मराठा. १९२२ ला या सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली.

बसरा मेमोरियलवर ४०,००० च्या वर लोकांची नोंद आहे, पण तिथल्या भिंतीवर भारतीय अधिकाऱ्यांचीच नावं कोरली, शिपायांचा फक्त पलटणीप्रमाणं आकडा टाकला. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं अन् आपल्याचा आकडा. २०२१ ला कमिशननं स्वतःच अहवालात अशा भेदभावाची कबुली दिली. नाव रजिस्टरमध्ये आहे, वेबसाईटवर दिसतं, त्याचं सर्टिफिकेट प्रिंट करून घरच्यांना द्या.

तारीख नीट बघा. १०३, ११० किंवा ११७ मराठातला माणूस असंल अन् मृत्यू २९ एप्रिल १९१६ नंतरचा, तर तो इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यातून तुर्कांच्या कैदेत गेलेला असू शकतो. डिसेंबर १९१५ पासून वेढा, अन्न संपलं, शेवटी शरणागती, अन् त्यानंतर वाळवंटातून चालवत नेताना अन् कैदेत लई लोक उपासानं, आजारानं मेले. म्हणजे "लढाईत गेला" अन् "कैदेत गेला" यातला फरक त्या एका तारखेत आहे.

दुसऱ्या महायुद्धात आपली पोरं केरेन (इरिट्रिया), तोब्रुक (लिबिया) अन् मंग इटलीत. २/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठाची दुसरी पलटण, जून १९४२ ला तोब्रुकला कैद झाली. इटलीत हिंदू जवानांना अग्नी दिला म्हणून तिथं कबर नसती, दहन झालेल्यांचं वेगळं स्मारक असतं, सांग्रो नदीजवळच्या स्मशानभूमीत असं एक आहे, ५०० हून जास्त भारतीयांची नावं. कबर सापडत नाही म्हणून शोध बंद करू नका. अन् १९ वी हैदराबाद रेजिमेंट असं कागदात दिसलं तर खूश होऊ नका, नावात हैदराबाद असलं तरी तिच्यात कुमाऊंचे, जाट, अहीर लोक बरेच होते, तीच १९४५ ला कुमाऊं रेजिमेंट झाली.

सातारा जिल्ह्यात, अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, इंग्रजांनी लावलेल्या संगमरवरी पाट्या सापडतात, गावातून किती गेले अन् किती मेले. आपला भाग निजामाच्या राज्यात, इथं तशी पाटी सापडायची आशा कमीच धरा. काही घरात मात्र तळहाताएवढं गोल, जाड, काशाचं (ब्राँझचं) ताट निघतं, सिंह अन् एक बाई कोरलेली अन् चौकटीत नाव. ते शोभेचं नाही बरं का, पहिल्या महायुद्धात मेलेल्याच्या घरी पाठवलेलं ते स्मृतिपदक आहे, भंगारात घालू नका.

लिहिताना

वहीत तीन रंगाची पेनं ठेवा किंवा बाजूला खूण करा, कागदावरून घेतलं ते, प्रत्यक्ष पाहिलेल्यानं सांगितलं ते, अन् ऐकीव. छापताना पण हा फरक दिसला पाहिजे. "रेकॉर्डनुसार", "बहिणीच्या आठवणीप्रमाणे", "गावात असं सांगतात की" एवढे तीन शब्दप्रयोग पुरतात. दोन माणसं दोन वेगळं सांगत असतील तर दोन्ही लिहा, पंच होऊ नका.

सुरुवात भारतमातेपासून करू नका. गावापासून करा, कोरडवाहू का बागायती, घरात किती भावंडं, किती एकर, भरतीला का गेला. हे "का" खरं लिहा. बहुतेक पोरं दुष्काळ, कर्ज, बहिणीचं लग्न अन् पगारासाठी गेली, अन् मंग तिथं जाऊन पलटणीसाठी लढली. देशासाठी जीव दिला हे खरंच आहे, पण भरतीच्या रांगेत ते पोरगं उपाशीपोटी उभं होतं हे पण तेवढंच खरं, अन् ते वाचल्यावर आजच्या पोराला तो आपला वाटतो. विशेषणं काढून टाका. नरवीर, शूरवीर, रणझुंजार हे सगळं बॅनरवर ऱ्हाऊ द्या.

असं लिहिलेलं मला आवडतं, नमुना म्हणून देतो, माणूस कल्पनेतला आहे: "दुसऱ्या सुट्टीला आला तेव्हा त्यानं घरावर नवे पत्रे टाकले. पावसाचा आवाज लई येतो म्हणून आईला ते आवडले नाहीत. परत जाताना पुढच्या सुट्टीत खाली लाकडाचं छत करून देतो म्हणाला, असं बहीण सांगते." यात एक पण मोठा शब्द नाही.

छापायच्या आधी सगळं लिहिलेलं घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, आई-बहीण वाचू शकत नसतील तर अजूनच गरजेचं. त्या मधीच थांबवतील, "तसं नव्हतं ते" म्हणतील, तिथंच दुरुस्त करा. काढून टाका म्हणल्या तर काढा, कारण विचारायची गरज नाही. गावच्या पुढाऱ्याचा फोटो अन् शुभेच्छा छापायचा आग्रह होतो, त्या बदल्यात छपाईचा खर्च देतो म्हणतात, ते तुम्ही बघा, मी तरी सोळा पानांची साधी झेरॉक्स पुस्तिका बरी म्हणीन.

प्रती कमीत कमी चार ठिकाणी ठेवा, घरी, शाळेत, ग्रामपंचायतीत अन् जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, अन् रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर टाकून बहिणीच्या घरी पण द्या. अक्षर मोठं ठेवा, १६ पॉइंटच्या खाली नको, वाचणारे म्हातारे आहेत. पीपीओ, आधार, बँकेचे कागद पुस्तिकेत छापू नका. मूळ फोटो अन् पत्रं स्कॅन झाली की त्याच दिवशी परत करा अन् परत केल्याची सही घ्या. शेवटच्या पानावर साल टाका, अन् चूक दिसली तर कळवा म्हणून स्वतःचा नंबर द्या. पुस्तिका बाहेर गेली की दोन-तीन महिन्यात कुठून तरी फोन येतोच, त्याच्याच कंपनीतला कुणीतरी, तवा वही परत काढा.